चर्चच्या सेवेतील स्त्रिया : त्यांच्या जीवनकथा कोणी आणि कशा जपल्या?

एखाद्या स्त्रीची जीवनकथा मागे उरते ती तिच्या थोरवीमुळे, असे सामान्यतः मानले जाते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळीची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या ज्या थोड्या कथा आज उपलब्ध आहेत, त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर हा समज टिकत नाही. कथा उरते ती कोणीतरी ती विचारली म्हणून. आणि ज्या हेतूने विचारली जाते, त्या हेतूचाच आकार ती धारण करते. प्रस्तुत लेखात आम्ही हे विधान काही उदाहरणांच्या आधारे तपासून पाहणार आहोत. यातील बरीच नावे साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहेत. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या अनामिक स्त्रिया मात्र नाहीत.

आरंभ बीड जिल्ह्यातील मांजरसुंब्यापासून करू. बालाघाटाच्या डोंगररांगेतले हे गाव आज धुळे–सोलापूर महामार्गावरचे आणि नगरहून जामखेड-पाटोद्यावरून केज-अंबाजोगाईकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे चौरस्त्याचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. जवळच कपिलधार आहे. ‘परमरहस्य’कार मन्मथस्वामींची तेथे समाधी आहे आणि कार्तिक पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. संतांची स्मृती जपण्याची आपल्या समाजाची पद्धत अशी आहे : समाधी, यात्रा, पदयात्रा, पारायण. जी स्मृती दरवर्षी पायांनी चालली जाते आणि मुखाने म्हटली जाते, तिला दप्तराची फारशी गरज पडत नाही.

याच चौरस्त्याकडे मिशनच्या इतिहासाच्या बाजूने पाहिले, तर चित्र निराळे दिसते. पश्चिमेकडचा रस्ता अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) जातो. तेथे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये आपले ठाणे मांडले आणि १८४२ मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. उत्तरेकडे बीड-गेवराईवरून जालन्याकडे जाता येते. जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली. जामखेड इंग्रजी अमलात होते, तर पाटोदा-बीड हा मुलूख निजामाच्या राज्यात. म्हणजे मांजरसुंब्याचा परिसर दोन मिशनकेंद्रांच्या मधला आणि दोन राजवटींच्या सीमेलगतचा. अशा मधल्या मुलखातील माणसांची कागदोपत्री नोंद नेहमीच विरळ असते. स्त्रियांची तर अधिकच. आम्हांला प्रश्न पडतो तो असा : केंद्रस्थानी असलेल्या स्त्रियांच्या कथा ज्या मार्गांनी वाचल्या, त्या मार्गांवरून या मधल्या मुलखातील स्त्रियांच्या कथा कशा वाचवता येतील, याविषयी काही शिकता येते काय?

प्रथम त्या काळच्या सेविकेचे काम कोणते होते ते पाहू. मिशनच्या व्यवस्थेत ‘बायबलबाई’ नावाचे एक पद होते. पुरुष उपदेशकाला ज्या घराच्या ओसरीपलीकडे पाऊल टाकता येत नसे, त्या घराच्या माजघरात ही बाई जाई. ती बायकांना अक्षरओळख करून देई, वाचून दाखवी, भजने शिकवी, आजाऱ्याची विचारपूस करी आणि मुलींना शाळेत पाठवण्यासाठी आयांचे मन वळवी. या कामात विधवा पुष्कळ होत्या. नगर भागातील धर्मांतरितांमध्ये महार समाजातील कुटुंबे बहुसंख्य होती. त्यामुळे स्वतःच्या पिढीत पहिल्यांदाच लिहायला-वाचायला शिकलेल्या आणि लगेच दुसरीला शिकवू लागलेल्या स्त्रियाही यांत होत्या. मराठी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात या कामाला मानाचे स्थान मिळायला हवे होते.

ते का मिळाले नाही, याचे उत्तर कागदांच्या स्वरूपात आहे. मिशनचे वार्षिक अहवाल परदेशातील देणगीदारांसाठी लिहिले जात. त्यांत बायबलबायांची संख्या येते, त्यांनी भेट दिलेल्या घरांची संख्या येते आणि देखरेख करणाऱ्या मिशनरी बाईंचे नाव येते. एखाद्या बाईची हकीकत आलीच, तर ती ‘साक्ष’ या साच्यात येते : पूर्वीचा अंधार, मग वचनाचा स्पर्श, मग छळ, मग शांती. साक्षीला ख्रिस्ती उपासनेत स्वतःचे मोल आहे, ते आम्ही नाकारत नाही. परंतु जीवनकथेचे साधन म्हणून साक्षीची मर्यादा उघड आहे. सर्व साक्षी एकमेकींसारख्या दिसू लागतात. बाप्तिस्म्याच्या आधीचे सारे आयुष्य एका वाक्यात संपते, आणि नंतरची तीस-चाळीस वर्षे, म्हणजे प्रत्यक्ष सेवेचा काळ, जवळजवळ मोकळाच राहतो.

परदेशी सेविकांच्या बाबतीतही स्मृतीचे गणित सरळ नाही. सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन बाई १८२७ च्या डिसेंबरात मुंबईस आल्या आणि १८६२ मध्ये नगर येथे निवर्तल्या. या चौतीस वर्षांत त्यांनी मुंबई आणि नगर येथे मुलींच्या शाळा चालवल्या. आज मराठी वाचक त्यांचे नाव घेतो ते बहुतेक वेळा एका संदर्भात : जोतीराव फुले यांनी नगरला त्यांच्या शाळा पाहिल्या आणि ते प्रभावित झाले. हा संदर्भ अर्थातच मोठा आहे. तथापि चौतीस वर्षांचे एक आयुष्य दुसऱ्या थोर चरित्रातील एका परिच्छेदाएवढे उरावे, यातून स्मृतीची यंत्रणा कशी चालते हे कळते.

आता पंडिता रमाबाईंकडे वळू. त्यांच्याविषयी कागद विपुल आहेत. पण ते कोणी जपले हे पाहण्याजोगे आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढील काळात त्यांचा सिस्टर जेराल्डीन, डोरोथिया बील आणि चर्चमधील अधिकारी मंडळी यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार झाला. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चच्या अधिकाराची मर्यादा, पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, अशा अनेक प्रश्नांवर रमाबाईंनी आपल्या आध्यात्मिक वडीलधाऱ्यांशी निर्भीड वाद घातला. ही पत्रे संकलित केली ती सिस्टर जेराल्डीन यांनीच; म्हणजे जिच्याशी वाद झाला त्याच व्यक्तीने, आणि आपल्या टिपणांसह. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. रमाबाईंची स्वतंत्र बुद्धी आज आपल्याला दिसते ती प्रामुख्याने या पत्रांत. १९०७ मध्ये त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या साक्षीत श्रद्धेचा प्रवास आहे, तर पत्रांत संघर्षाचा आवाज आहे. आज्ञाधारक शिष्येची पत्रे एवढ्या निगुतीने ठेवली गेली असती का, याची आम्हांला शंका वाटते. बरेचदा वादाने जपलेले साहित्य भक्तीने जपलेल्या साहित्यापेक्षा अधिक बोलके ठरते.

पण रमाबाईंच्याही मागे आणखी एक रांग आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो मुली-बायका राहत होत्या. तेथे छापखाना होता. हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, संपूर्ण स्वरूपात बाहेर आला. त्याची छपाई मुक्तीतील स्त्रियांच्या हातांनी झाली. मुद्रणाच्या मराठी इतिहासात ही घटना असाधारण म्हणावी लागेल. अनुवादिकेचे नाव आपल्याला ठाऊक आहे. खिळे जुळवणाऱ्या, मुद्रिते तपासणाऱ्या, पुस्तकबांधणी करणाऱ्या स्त्रियांची नावे वाङ्मयेतिहासात येत नाहीत. दुष्काळात आईबाप गमावलेली मुलगी अक्षरे शिकते आणि शिशाच्या अक्षरांनी संपूर्ण बायबल जुळवते, ही कथा कोणत्याही चमत्कारकथेहून आम्हांला अधिक विलक्षण वाटते. आणि तीच कोणी विचारलेली नाही.

तिसरे उदाहरण कृपाबाई सत्यनाथन यांचे. माहेरच्या त्या खिस्ती. १८६२ मध्ये नगरला हरिपंत आणि राधाबाई या धर्मांतरित ब्राह्मण दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. बत्तिसाव्या वर्षी, १८९४ मध्ये, त्या मद्रास इलाख्यात निवर्तल्या. त्यांची ‘सगुणा’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः आली आणि १८९५ मध्ये पुस्तकरूपाने. या कादंबरीत नायिकेच्या आधी तिची आई येते. पती नव्या धर्माकडे ओढला जातो आणि कोवळ्या वयाच्या पत्नीला आपले सारे जग मागे टाकून त्याच्यामागे जावे लागते. तिचा विरोध, तिची भीती, तिचे हळूहळू बदलत जाणे हे सारे मुलगी लिहिते. साक्षीच्या साच्यात ज्या स्त्रीला ‘नंतर पत्नीनेही प्रभूचा स्वीकार केला’ एवढेच वाक्य मिळाले असते, तिला येथे स्वतंत्र अंतःकरण मिळाले आहे. लेकीने आईची कथा लिहिली म्हणून ती वाचली. मात्र इंग्रजीत लिहिल्यामुळे मराठी वाङ्मयेतिहासाच्या मुख्य वर्तुळात तिला जागा मिळाली नाही. नगरच्या एका मराठी आईची कथा मराठीच्या विद्यार्थ्याला इंग्रजी विभागाच्या दारातून भेटावी, यातील विसंगती अध्यापकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

याउलट लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठी गद्याचे एक शिखर मानले जाते, आणि त्याविषयी नवे सांगण्याचा आमचा आव नाही. येथे फक्त ते जपले कसे गेले एवढेच पाहू. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये वारले. चिरंजीव देवदत्त यांनी आईच्या मागे लागून तिच्याकडून आठवणी लिहवून घेतल्या आणि त्या ‘संजीवनी’ या नियतकालिकातून छापल्या. आठवणी मुख्यतः वडिलांविषयी हव्या होत्या. आईने सांगितल्या त्या मात्र साऱ्या संसाराच्या. सोवळ्याओवळ्याच्या धाकात गेलेले बालपण, १८९५ मध्ये पतीने घेतलेला बाप्तिस्मा, त्यानंतरची ताटातूट, पुन्हा एकत्र येऊनही वेगळी ठेवलेली चूल, आणि मग १९०० मध्ये स्वतः घेतलेला निर्णय, हा प्रवास त्यांनी सांगितला तो स्वयंपाकघरातल्या बोलण्याच्या ओघात. बाप्तिस्मा ही त्या कथेतील मोठी घटना आहे, पण तेथे कथा संपत नाही. नंतर गरिबी आहे, वाढवलेली परकी मुले आहेत, रुसवे आहेत, हसणे आहे. सेवा हा शब्द क्वचितच येतो. सेवा पानोपानी दिसते. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई वारल्या. अपुरा राहिलेला शेवटचा भाग देवदत्तांनी पुरा केला, आणि पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी या ग्रंथाचे सटीप संपादन केले. तीन पिढ्यांनी ही कथा सांभाळली. याच देवदत्तांनी १९६० मध्ये रमाबाईंचे मराठी चरित्र लिहिले, हेही येथे नोंदवावेसे वाटते. कथा जपणारा माणूस एकदा तयार झाला की तो एकाच कथेवर थांबत नाही.

या संदर्भात एक योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. वारकरी परंपरेतील संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदन इंग्रजी वाचकांपर्यंत नेले ते जस्टिन अ‍ॅबट यांनी, १९२९ मध्ये. अ‍ॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे मिशनरी. महिपतीच्या संतचरित्रांचे अनुवादही त्यांच्याच नावावर आहेत. सतराव्या शतकातील एका मराठी स्त्रीच्या आत्मकथेचे मोल त्यांना कळले, हे त्यांच्या रसिकतेचे लक्षण होय. परंतु त्याच मिशनच्या अहवालांत त्याच काळातील सेविका संख्येच्या रकान्यात उभ्या होत्या. जुनी झालेली, ग्रंथात उतरलेली कथा मोलाची वाटते. समोर बसलेल्या बाईची कथा मात्र रोजच्या कामाचा भाग वाटते आणि निसटून जाते. हा दोष केवळ मिशनऱ्यांचा नव्हे. आपल्या विद्यापीठांतही जिवंत माणसाच्या मुलाखतीपेक्षा जीर्ण पोथीला अधिक प्रतिष्ठा आहे.

मांजरसुंब्याहून पश्चिमेला, पाटोद्यापलीकडे जामखेड लागते. तेथे १९७० मध्ये डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे या वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या ख्रिस्ती दांपत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या प्रकल्पाचा कणा म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविका. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित, कित्येक टाकलेल्या. त्या निरनिराळ्या धर्मांच्या होत्या आणि त्यांना चर्चच्या सेविका म्हणणे चुकीचे ठरेल. तरीही आमच्या विषयाशी त्यांचा जवळचा संबंध आहे. आरोळे दांपत्याने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जामखेडविषयीच्या ग्रंथात या सेविकांच्या जीवनकथांना जागा दिली. त्या कथांचा कणा काम हा आहे : बाळंतपण कसे केले, गावाचा अविश्वास कसा ओसरला, जातीचा पाणवठा कसा ओलांडला. १९९९ मध्ये मेबलबाई गेल्या. पण त्यांनी ज्या स्त्रियांना प्रश्न विचारले, त्या स्त्रिया त्या पानांवर आहेत. साक्षीच्या साच्यात विचारलेला प्रश्न ‘तू कशी बदललीस’ असा असतो. येथे प्रश्न ‘तू काय केलेस’ असा होता. दोन प्रश्नांतून दोन अगदी भिन्न चरित्रे तयार होतात.

येथवरच्या उदाहरणांतून आम्ही जो निष्कर्ष काढतो तो सांगण्याआधी एका अडचणीचा विचार करणे आवश्यक आहे. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा केवळ हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ मध्ये त्यात शीख आणि १९९० मध्ये बौद्ध समाविष्ट झाले. ख्रिस्ती आजही त्याबाहेर आहेत. याचा परिणाम जीवनकथांवर होतो, हे सहसा लक्षात येत नाही. ज्या घरातील आजी चर्चमध्ये सेविका होती, त्या घरातील नातवाचे शिक्षण वा नोकरी जातीच्या दाखल्यावर अवलंबून असू शकते. अशा घरात आजीची आठवण हळू आवाजात सांगितली जाते, किंवा सांगितलीच जात नाही. संग्राहकाने उत्साहाच्या भरात नावगावासह ती छापली, तर ज्याची किंमत त्याला मोजावी लागणार नाही अशी किंमत दुसऱ्याला मोजावी लागेल. म्हणून जतन आणि प्रकाशन या दोन क्रिया वेगळ्या मानल्या पाहिजेत. कथा आज ऐकून, लिहून, सुरक्षित ठेवावी; ती केव्हा आणि कोणत्या नावाने प्रसिद्ध व्हावी हे त्या कुटुंबाने ठरवावे. नावाशिवायही कथा राहू शकते. मात्र नाव मिशनने टिपले नाही म्हणून अनामिक राहणे आणि स्वतःच्या इच्छेने अनामिक राहणे, यांत फार मोठे अंतर आहे.

आमचा निष्कर्ष असा की, सेविकांच्या जीवनकथा जपायच्या तर त्यांच्या सद्गुणांऐवजी त्यांचे काम विचारले पाहिजे. पगार किती होता आणि तो कोणाच्या हातात पडत असे? कोणत्या गावांना पायी जावे लागे? मागे मुले कोण सांभाळी? कोणत्या घरात पाणी मिळे आणि कोणत्या घरात मिळत नसे? कोणती भजने तोंडपाठ होती, आणि ती जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर म्हटली जात का? पाळकाशी मतभेद झाला तेव्हा काय केले? अशा प्रश्नांना साचेबंद उत्तरे देता येत नाहीत. त्यांच्या उत्तरांतून जी भाषा मिळते ती मराठी बोलींच्या अभ्यासकालाही मोलाची ठरेल. कारण बायबलच्या मराठीचा आणि बालाघाटातील बोलीचा संगम या स्त्रियांच्याच तोंडी झालेला आहे.

कागदांतूनही बरेच काही निघू शकते, फक्त ते निराळ्या दृष्टीने वाचले पाहिजेत. बाप्तिस्म्याची, विवाहाची आणि दफनाची नोंदवही, शाळेचा हजेरीपट, पगारपत्रक, वसतिगृहाचा हिशेब हे कागद चरित्रसाधने म्हणून कोणी हाताळत नाही. त्यात स्त्री कधी ‘अमक्याची पत्नी’ म्हणून येते, कधी बाप्तिस्म्याच्या नव्या नावाने. हे दुवे जुळवले की एका आयुष्याची रेषा दिसू लागते. ‘ज्ञानोदय’ने १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध तिच्या नावानिशी छापला होता. त्या पानांत स्त्रीच्या आवाजाला जागा होती, हे त्यावरून सिद्ध होते. त्याच नियतकालिकाचे जुने अंक, विशेषतः त्यातील मृत्युवृत्ते, कोणी विद्यार्थी चिकाटीने चाळील तर पीएच.डी.पुरते काम त्याला सहज मिळेल.

शेवटी वेळेचा प्रश्न. देशाला स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या दोन दशकांत ज्या तरुणी मिशनच्या शाळांत, वसतिगृहांत आणि दवाखान्यांत कामाला लागल्या, त्या आज ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत; आणि आपल्या आया व आज्यांना बायबलबाई म्हणून काम करताना पाहिलेल्या बहुधा याच शेवटच्या. नगर, जालना, बीड या पट्ट्यातील महाविद्यालयांत मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांच्यापर्यंत पोचायला एक एस.टी.चे तिकीट पुरते. देवदत्त टिळकांनी आपल्या आईला एक वही आणि थोडा आग्रह एवढेच दिले होते. स्मृतिचित्रांचा पाठ वर्गात शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांना तेवढीच सामग्री देऊन एका वृद्ध सेविकेकडे पाठवावे, आणि पहिला प्रश्न तिच्या श्रद्धेविषयी न विचारता तिच्या कामाच्या पहिल्या दिवसाविषयी विचारायला सांगावे, अशी अध्यापकांस आमची विनंती आहे.